भुईकाट्यावर ट्रॉलीचं वजन दरवेळी वेगळं येतंय? फरक कुठून येतो ते असं शोधा

ऊस हंगाम सुरू झाला की हा प्रश्न ठरलेलाच. गावाजवळच्या भुईकाट्यावर (अख्खी गाडी तोलणाऱ्या काट्यावर) भरलेली गाडी तोलली तर एक आकडा, कारखान्यावर दुसरा, आणि रिकामी गाडी तिसरीकडेच तोलली तर नेट वजन (भरलेलं वजा रिकामं) कुठल्याच पावतीशी जुळत नाही. मग 'काटा मारला' हे शब्द तोंडातून निघायला वेळ लागत नाही. कधीकधी ते खरेही असतात. पण फरक काट्यातला आहे, गाडीतला आहे की तोलायच्या पद्धतीतला, हे पक्कं न करता भांडायला गेलात तर समोरचा भिंतीवरच्या पडताळणी प्रमाणपत्राकडे बोट दाखवतो आणि विषय तिथेच संपतो.

खाली लिहिलंय ते मुख्यतः ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर आणि डबल ट्रॉलीला धरून. दहाचाकी ट्रक किंवा घोडा-ट्रेलर (ओढणारा ट्रक आणि सुटा ट्रेलर) चालवणाऱ्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल. त्यांच्यासाठी एक्सलच्या वजनाचा वेगळा भाग शेवटाकडे आहे.

किती फरक म्हणजे खरा फरक

प्रत्येक काट्याच्या इंडिकेटरवर (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर) किंवा जवळच्या पट्टीवर तीन गोष्टी छापलेल्या असतात: कमाल क्षमता, किमान क्षमता आणि 'ई'. हा 'ई' म्हणजे काटा ज्या टप्प्याने वजन दाखवतो तो टप्पा. ६० टनी काट्याला तो बहुधा १० किलो असतो. म्हणून पावतीवरचा शेवटचा आकडा कायम शून्य दिसतो. १०० टनी काट्यावर २० किलोचाही टप्पा आढळतो. ही पट्टी बघायची सवय फारच थोड्यांना आहे, आणि अर्धी भांडणं त्यातूनच होतात.

भुईकाटे अचूकतेच्या तिसऱ्या वर्गात मोडतात. १० किलोचा टप्पा असेल तर पडताळणीच्या वेळी ५ टनांपर्यंत ५ किलो, ५ ते २० टनांना १० किलो आणि २० टनांच्या वर १५ किलो इतकी चूक, कमी किंवा जास्त, चालते. काटा रोजच्या वापरात असताना तपासला तर ही सूट दुप्पट होते. म्हणजे २५ टनांची भरलेली गाडी एका काट्यावर ३० किलो जास्त आणि दुसऱ्यावर ३० किलो कमी दिसली, तरी दोन्ही काटे नियमात बसतात. पावत्यांत ६० किलोंचा फरक, आणि कुणीच चोर नाही.

२०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, आहे. त्या हिशेबाने ६० किलो म्हणजे २१३ रुपये. ३०० किलो म्हणजे १,०६५ रुपये, तेही एका खेपेचे. पहिल्यासाठी डोकं तापवू नका, दुसरं सोडू नका. एवढी खूणगाठ बांधली की पुढचं सोपं जातं.

आणखी एक. शेतातून निघालेली गाडी केनयार्डात (कारखान्याच्या ऊसगाड्यांच्या आवारात) रात्रभर, कधी दीड दिवस, नंबरला उभी असते. तोडलेल्या उसातलं पाणी उडत असतं आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तर झपाट्यानं उडतं. काल संध्याकाळी गावात तोललेलं वजन आणि आज दुपारी कारखान्यावर तोललेलं वजन हे एकाच मालाचं वजन नव्हे. दोन काट्यांची तुलना करायची तर मधला वेळ तास-दोन तासांच्या वर जाऊ देऊ नका.

फरकाचा स्वभाव बघा

एका पावतीवरून काहीच कळत नाही. सलग पाच-सहा खेपांच्या पावत्या एका कागदावर मांडा: भरलेलं वजन, रिकामं वजन, नेट, आणि दोन काट्यांमधला फरक. आता त्या फरकाच्या रकान्याकडे बघा. तो तीनपैकी एका तऱ्हेने वागताना दिसेल.

गाडी १२ टन भरो की २४ टन, फरक जवळपास तेवढाच राहतोय, समजा दरवेळी दीडशे-दोनशे किलो. हा शून्याचा किंवा रिकाम्या वजनाचा दोष. एकाच काट्यावर भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही वजनं झाली असतील तर शून्याची चूक वजाबाकीत उडून जाते. तरीही नेटमध्ये कायम एकसारखा फरक येत असेल, तर रिकाम्या वजनाकडे संशयानं बघा.

गाडी जड झाली की फरकही त्याच प्रमाणात वाढतोय, १२ टनाला १२० किलो, २४ टनाला २४०. हा काट्याच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे आकड्यांच्या जुळवणीचा, दोष. तुम्ही गाडी कशीही उभी करा, तो जाणार नाही. तो दुरुस्त करण्याचं काम दुरुस्ती परवानाधारकाचं आणि वैधमापन निरीक्षकाचं (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं).

आणि कधी जास्त, कधी कमी, कधी शून्य असा फरक उड्या मारत असेल, तर गाडी उभी करण्याची जागा, ब्रेक, तुकड्यातुकड्यांनी तोलणं, प्लॅटफॉर्म कुठेतरी अडकणं, नाहीतर केबलमध्ये गेलेलं पाणी, यांतलं काहीतरी आहे. फसवणूकसुद्धा याच खात्यात येते, कारण ती सहसा प्रत्येक गाडीला केली जात नाही.

बाकीचा सगळा शोध या वर्गवारीवर चालतो. ती न करता लोक थेट लोड सेल (प्लॅटफॉर्मखालचे वजन मोजणारे सेन्सर) बदलायला निघतात.

रिकामं वजन: सगळ्यात जास्त घोळ इथेच

माझं मत विचाराल तर ज्याला लोक काटामारी समजतात त्यातला मोठा वाटा जुन्या टेअरचा, म्हणजे रिकाम्या गाडीच्या जुन्या वजनाचा, असतो. हंगामाच्या सुरुवातीला गाडी एकदा रिकामी तोलली, आकडा संगणकात टाकला, आणि मार्चपर्यंत तोच वजा होत राहिला.

दरम्यान गाडीत काय काय बदलतं ते बघा. डिझेल लिटरला साधारण ०.८३ किलो भरतं. ट्रॅक्टरच्या ६० लिटरच्या टाकीत ५० किलोंचा, ट्रकच्या ३०० लिटरच्या टाकीत जवळपास २५० किलोंचा फरक एकट्या डिझेलने पडतो. टेअरला चालक खाली उतरलेला आणि भरलेल्या वजनाला चालक अधिक मदतनीस वर बसलेले, हे झाले सव्वाशे-दीडशे किलो. ट्रकची एक स्टेपनी रिमसकट शंभराच्या आसपास जाते. साखळ्या, दोर, भिजलेली ताडपत्री. वाफशाला न आलेल्या रानातून आलेल्या गाडीच्या चाकांना आणि चेसिसला लागलेला काळा चिखल तर विचारूच नका. तो भरलेल्या वजनात मोजला जातो आणि वाटेत गळून रिकाम्या वजनात कमी होतो.

ट्रॅक्टरवाल्यांच्या दोन खास गोष्टी आहेत. पकड यावी म्हणून मागच्या टायरांत पाणी भरतात. मोठ्या टायरात दोनशे लिटरच्या आसपास पाणी सहज बसतं, म्हणजे दोन टायर मिळून चारशे किलो. पंक्चर निघालं, पाणी काढलं, पुन्हा भरलं नाही, की टेअर तेवढा चुकला. दुसरी गोष्ट याहून मोठी: ट्रॅक्टर बदलणं. ट्रॉल्या त्याच, पण नेहमीचा ट्रॅक्टर कामाला लागला म्हणून भावाचा जोडला. दोन ट्रॅक्टरांच्या वजनात तीनशे-चारशे किलोंचं अंतर असणं काही नवलाचं नाही. संगणकात मात्र जुन्याच जोडीचं वजन बसलेलं. नेटमध्ये अचानक एका दिवसापासून ठरावीक फरक सुरू झाला असेल तर आधी विचारा, त्या दिवशी ट्रॅक्टर कुठला होता?

उपाय साधा आहे, पण चिवटपणे करावा लागतो. प्रत्येक खेपेला रिकामी गाडी त्याच काट्यावर, त्याच ट्रॅक्टरसह, तितकीच माणसं बसवून तोला. एकच काटा वापरल्याने काट्याची स्वतःची चूकही बरीचशी वजाबाकीत निघून जाते. भरलेलं वजन एका काट्यावर आणि रिकामं दुसऱ्यावर, ही पद्धत कितीही सोयीची असली तरी सोडा. दोन प्रामाणिक काट्यांच्या चुका त्यात एकमेकींत मिसळतात. खेपेगणिक टेअर घेणं शक्यच नसेल तर निदान ट्रॅक्टर बदलल्यावर, टायरातलं पाणी कमी-जास्त केल्यावर आणि पाऊस झाल्यावर तरी नवा टेअर घ्या.

आणि ट्रॉलीचा तळ झाडून मग तोला. खाली राहिलेला ऊस, पाचट, माती हे सगळं रिकाम्या वजनात जाऊन नेट खाली आणतं.

डबल ट्रॉली आणि आखूड प्लॅटफॉर्म

ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून चौदा-पंधरा मीटर लांबी होते. १६ किंवा १८ मीटरच्या काट्यावर सगळं एका दमात बसतं. ९ किंवा १२ मीटरच्या काट्यावर बसत नाही. मग काटेवाला म्हणतो, आधी ट्रॅक्टर आणि पुढची ट्रॉली घ्या, मग मागची घ्या, बेरीज करू.

बेरीज करायला हरकत नाही, पण तिच्यात चुका शिरायच्या वाटा बऱ्याच आहेत.

पहिली वाट गणिताची. २५ टन एका दमात तोललं तर वापरातल्या काट्याला ३० किलोंची सूट. तेच १२ आणि १३ टन असं दोनदा तोललं तर प्रत्येक वेळी २० किलो, म्हणजे ४०. शिवाय टप्प्यात आकडा गोल करणं दोनदा होतं. हे फार नाही, पण आहे.

खरी गडबड उताराची आणि ब्रेकची. प्लॅटफॉर्मच्या आधीचा आणि नंतरचा रस्ता प्लॅटफॉर्मच्या पातळीत सपाट असायला हवा. अनेक काट्यांवर तो दोन्हीकडून चढ-उताराचा असतो किंवा कडेला खड्डे पडलेले असतात. अर्धी गाडी उतारावर आणि अर्धी प्लॅटफॉर्मवर असली की भार एका एक्सलवरून दुसऱ्यावर सरकतो. पहिल्या वजनात एकीकडे सरकतो, दुसऱ्या वजनात भलतीकडे, आणि बेरीज शेकडो किलोंनी चुकू शकते. त्यात चालकाने ब्रेक दाबून धरला असेल तर मागची ट्रॉली दांड्यातून पुढच्याला रेटत राहते. हा रेटा दांडा तिरका असेल तर थोडा वर किंवा खालीही लागतो आणि थेट वजनात दिसतो.

त्यामुळे तुकड्यांनी तोलावंच लागलं तर गाडी हळू थांबवा, न्यूट्रल करा, ब्रेक पूर्ण सोडा, गाडी स्वतःहून सैल होऊ द्या, चालकाला स्टिअरिंगवरच बसू द्या, आणि इंडिकेटरवरचा स्थिरतेचा दिवा लागल्यावरच नोंद घ्या. इंजिन बंद केलं तर उत्तम. गाडी उतारावरून घरंगळेल अशी भीती असेल तर मुळात तो काटा तुकड्यांनी तोलायच्या लायकीचा नाही, असं समजा.

आता तपासणी. ज्या गाडीबद्दल शंका आहे ती एकदा मोठ्या काट्यावर पूर्ण तोला, मग त्याच काट्यावर मुद्दाम दोन तुकड्यांत तोला. बेरीज आणि पूर्ण वजन यांत ३०-४० किलोंच्या आत फरक असेल तर रस्ता सपाट आहे. जास्त असेल तर काट्याच्या लोड सेलला दोष देऊ नका, आधी रस्त्याला द्या.

हुकावरचा भार

हा भाग नीट समजून घेतला पाहिजे, कारण 'ट्रॉलीचं वजन' या शब्दात दोन-तीन वेगवेगळी वजनं दडलेली असतात.

चारचाकी ट्रॉलीचं वजन जवळजवळ सगळं तिच्या चारही चाकांवर असतं; दांडा नुसता ओढतो. दोनचाकी ट्रॉलीचं तसं नाही. तिचा पुढचा भार दांड्यातून ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. म्हणून ट्रॉलीची फक्त चाकं काट्यावर घेऊन आलेला आकडा हे ट्रॉलीचं वजन नव्हे.

एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर सुटा तोलला, २,६४० किलो. भरलेली दोनचाकी ट्रॉली जोडली आणि फक्त ट्रॅक्टरची चाकं काट्यावर घेतली, ३,५२० किलो. मग सगळी गाडी काट्यावर, १२,४१० किलो. यातून तीन गोष्टी निघतात. हुकावर आलेला भार ३,५२० वजा २,६४०, म्हणजे ८८० किलो. ट्रॉली मालासकट १२,४१० वजा २,६४०, म्हणजे ९,७७० किलो. ट्रॉलीच्या चाकांवरचा भार ८,८९० किलो. कुणी फक्त चाकं तोलून '८,८९० भरलं' म्हणाला, तर ८८० किलो हवेत गेले.

हे ८८० किलो ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलच्याही मागे लटकतात, हे लक्षात घ्या. हुक एक्सलच्या ७० सेंटिमीटर मागे आणि दोन एक्सलांमधलं अंतर दोन मीटर धरलं, तर पुढची चाकं ३०८ किलोंनी हलकी होतात. चढाला ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, स्टिअरिंग हलकं लागतं, ते यामुळे. ऊस भरताना ढीग एक्सलच्या पुढे झुकला की हा भार वाढतो, मागे झुकला की कमी होतो. फार मागे गेला तर दांडा उलट वर उचलायला बघतो, आणि ते जास्त धोक्याचं. पुढच्या ट्रॉलीच्या शेपटीला दुसरी दोनचाकी ट्रॉली जोडली की तिचा दांडा पुढच्या ट्रॉलीची शेपटी खाली दाबतो, त्यामुळे ट्रॅक्टरच्या हुकावरचा भार कमी होतो. एकूण वजन तेवढंच, वाटणी बदलली.

यातून येणारी ठरावीक चूक म्हणजे टेकूची. ट्रॉली सोडून एकटी तोलायला ठेवतात, चाकं प्लॅटफॉर्मवर, पण दांड्याखालचा जॅक किंवा दगड प्लॅटफॉर्मच्या बाहेर. एक पाय जमिनीवर ठेवून घरच्या वजनकाट्यावर उभं राहावं, तसाच हा प्रकार. टेकूसुद्धा प्लॅटफॉर्मवरच हवा. आणि जोडलेल्या अवस्थेतलं एक वजन आणि सोडलेल्या अवस्थेतलं दुसरं वजन यांची बेरीज कधीच करू नका.

घोडा-ट्रेलरमध्ये हेच घडतं, फक्त किंग पिनवरचा (ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या खिळीवरचा) भार हजारो किलोंत असतो. पद्धत तीच: घोडा सुटा, घोडा जोडलेला, सगळं मिळून.

काट्याकडे बघायचं ते असं

वरचं सगळं तपासून झालं आणि फरक उरलाच, तर आता काटा.

गाडी चढवण्याआधी इंडिकेटर शून्यावर आहे का, हे स्वतः बघा. खिडकी उलट्या बाजूला असेल तर बाहेरचा मोठा डिस्प्ले बघा. तो बंद असेल तर का बंद आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. गाडी उतरल्यावर पुन्हा शून्य येतं का, हेही बघा. उतरल्यावर ३०-४० किलो उरत असतील तर एकतर तुमच्या चाकांचा चिखल प्लॅटफॉर्मवर पडलाय किंवा प्लॅटफॉर्म कुठेतरी अडकतोय.

इलेक्ट्रॉनिक काटा हळूहळू साचणारं वजन स्वतःच शून्यात ओढून घेतो. कमाल क्षमतेच्या ४ टक्क्यांपर्यंत त्याला तशी मुभा असते, म्हणजे ६० टनी काट्याला २,४०० किलो. साचलेली माती जोवर तिथेच आहे तोवर बिघडत नाही. पण भरलेली गाडी उभी असतानाच प्लॅटफॉर्मवर चिखल गळला आणि रिकाम्या वेळी तो झाडलेला असला, तर तेवढं वजन तुमच्या पावतीत जमा-खर्च होतं.

प्लॅटफॉर्म आणि भोवतीच्या चौकटीत बोटभर फट असते. तीत पाचट, उसाची कांडकी, खडी बसली की प्लॅटफॉर्म मोकळा खाली जात नाही आणि वजन कमी भरतं. ऊस हंगामात हा दोष इतका नेहमीचा आहे की पहिली नजर तिथेच टाकावी. खड्ड्यातला काटा असेल तर खाली साचलेलं पाणीही बघायला सांगा. पाण्याने जंक्शन बॉक्स (लोड सेलच्या केबली जिथे एकत्र येतात तो डबा) भिजला की आकडा स्थिर राहत नाही, वर-खाली होत राहतो. उंदीर केबल कुरतडतात. वीज पडल्यावर एखादा लोड सेल मरतो आणि काटा मात्र चालूच राहतो, फक्त एका कोपऱ्यात कमी दाखवतो. लाईट जाऊन आल्यावर इंडिकेटरला थोडा वेळ तापू द्यावा लागतो. आल्या आल्या पहिलीच गाडी तुमची असेल तर थांबायला काय जातंय.

कोपऱ्याचा दोष पकडायला सोपी चाचणी आहे. सहाचाकी भरलेला ट्रक घ्या, प्लॅटफॉर्मच्या या टोकाला, मध्यावर आणि त्या टोकाला, चारही बाजूंनी प्लॅटफॉर्मच्या आत राहील असा उभा करून तीन वजनं घ्या. मग उलट्या दिशेने चढवून पुन्हा. तिन्ही वजनं एक-दोन टप्प्यांत जुळायला हवीत. एका टोकाला शंभर-दीडशे किलो कमी येत असतील तर त्या बाजूचा लोड सेल किंवा त्याची बैठक गेलेली आहे. तुमच्या वजनातला फरक उड्या का मारत होता, याचं उत्तर बहुधा इथे मिळतं: चालक दरवेळी गाडी वेगळ्या जागी उभी करत होता.

दुसरी चाचणी संवेदनशीलतेची. गाडी काट्यावर उभी असताना प्रमाणित २० किलोंचं वजन तिच्यात ठेवलं, तर १० किलोंच्या टप्प्याच्या काट्यावर आकडा हललाच पाहिजे. हलला नाही तर काटा कुठेतरी घट्ट बसलाय.

वारा सुटलेला असताना उंच भरलेल्या गाडीचा आकडा नाचतो. वारा थोडा पडेपर्यंत थांबणं, याखेरीज त्याला उपाय नाही. आणि मागचं चाक पूर्ण आत आहे ना, हे उतरून बघा. काटेवाल्याच्या खिडकीतून ते दिसतच नाही.

ट्रकवाल्यांसाठी: एकूण वजन बरोबर, तरी दंड

१६ जुलै २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने एक्सलच्या मर्यादा वाढल्या. चार टायरच्या एक्सलला १०.२ वरून ११.५ टन, टँडेमला (मागच्या जोडएक्सलला) १९ वरून २१ टन. दोन एक्सलचा ट्रक १६.२ वरून १८.५ वर आणि तीन एक्सलचा २५ वरून २८.५ टनांवर गेला. मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ११३ बघतं ते तुमच्या आरसीवर लिहिलेलं वजन. अधिसूचनेतला आकडा पाठ असून उपयोग नाही. आरसी काढून बघा.

तीन एक्सलचा ट्रक २८,०५० किलो भरला. एकूण मर्यादेच्या आत. पण पुढचा एक्सल ५,६४० आणि मागचं टँडेम २२,४१०. माल मागे सरकलेला, टँडेम १,४१० किलोंनी जास्त. एकूण वजन हिशेबात असलेल्या ट्रकचेही टायर फुटतात, पाटे तुटतात, ते असे.

एक्सल तोलताना आधी पुढचा एक्सल काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागचे एक्सल. पुढचा अधिक मागचा ही बेरीज पूर्ण वजनाशी जुळली तरच ते आकडे खरे. जुळत नसेल तर रस्ता सपाट नाही किंवा ब्रेक धरलेला आहे. लिफ्ट एक्सल असेल तर तो खाली टाकून तोलायचं, कारण वर उचललेला असताना एकूण वजन तेच राहतं पण शेजारच्या एक्सलचा आकडा फुगतो.

टोलनाक्यावरचा चालत्या गाडीचा काटा वेगळं बोलतो. गाडी स्प्रिंगवर डोलत असते, त्यामुळे त्याचा आकडा भुईकाट्याशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षाच ठेवू नये. त्याने जादा दाखवलं तर स्थिर काट्यावर तोलून मागा. कलम ११४ प्रमाणे अधिकारी गाडी तोलायला सांगू शकतो, पुढच्या वाटेवर १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामापासून २० किलोमीटरच्या आत काटा असेल तर. तोलायला नकार देऊ नका. नकाराचा दंड ४०,००० रुपये आहे. जादा भाराचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० आणि जास्तीचा माल उतरवण्याचा खर्च.

आणि खरंच काटामारी असेल तर

केबलमध्ये किंवा जंक्शन बॉक्समध्ये चिप बसवून रिमोटने वजन कमी-जास्त करण्याचे प्रकार देशात उघडकीस आलेले आहेत. त्याची खूण अशी की तीच गाडी, तशीच, पंधरा मिनिटांनी पुन्हा चढवली तर आकडा बदलतो, आणि चाचणीच्या वजनाला मात्र काटा अगदी चोख असतो. कोपऱ्याचा दोष, ब्रेक, फटीतलं पाचट हे सगळं आधी बाजूला काढलं असेल तरच या निष्कर्षाला वजन येतं.

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी आणि मुद्रांकन दर १२ महिन्यांनी व्हावं लागतं. दुरुस्ती झाली किंवा काटा हलवला तर मुदत बाकी असली तरी पुन्हा. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं हवं, आणि इंडिकेटरचं व जंक्शन बॉक्सचं सील शाबूत हवं. सील तुटलेलं दिसलं तर त्याचा फोटो घ्या, हात लावू नका.

तक्रार तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र निरीक्षकाकडे लेखी करायची. गाळप हंगामात जिल्हा पातळीवर भरारी पथकंही नेमलेली असतात, त्यांनाही कळवा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. अर्जात 'वजन कमी भरतं' एवढंच लिहिलंत तर हाती काही लागत नाही. काट्याची जागा, पट्टीवरची क्षमता आणि टप्पा, प्रमाणपत्राची तारीख, गाडी आणि ट्रॉल्यांचे नंबर, दोन्ही पावत्यांवरची वेळ, त्या वेळी गाडीत किती माणसं होती, गाडी एका दमात तोलली की तुकड्यांत, आणि पाच-सहा खेपांच्या फरकाचा तो कागद, हे सगळं जोडा. शक्य असेल तर ही सगळी धावपळ गाडी गव्हाणीवर (कारखान्यात ऊस उतरवतात तिथे) जाण्याआधी करा. ट्रॉली रिकामी झाली की पुन्हा तोलायला काहीच हातात राहत नाही.